बारा आण्यांची पाठ

दामू, तुझी तेरवी परवा झाली. जेवण चांगलं झालं असं लोक एकमेकांना सांगत होते. मी जेवलो नाही, कारण मला राग आला होता. आधी तुझा, मग माझा. तो उतरायच्या आत हे लिहून काढतो, कारण उतरला की मी रडत बसेन आणि अक्षर बिघडेल. बिघडलेलं अक्षर तुला कधी चाललं नाही.

बोलताना आपण आपल्या वऱ्हाडीत बोलायचो. लिहायला बसलो की माझी ड्रॉइंग मास्तराची शाळेतली मराठी येते. चालवून घे.

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. अमरावतीचे लोकप्रिय डॉक्टर, मनमिळाऊ स्वभाव. घ्या. ज्यानं हिवरखेडच्या पाटलाला भर चावडीत "पाटील, दुखते म्हून तुमी निजून नाई राहिले, निजून राहता म्हून दुखते" असं सुनावलं, तो मनमिळाऊ. मला वाचून हसू आलं आणि तुझ्या घरात समोर बसलेल्या वहिनींनाही आलं. पण तुझ्या संशोधनाबद्दल त्या चार ओळींत एक शब्द नव्हता. असणार कुठून? ते छापलंच गेलेलं नाही. आणि ते छापलं गेलं नाही ते माझ्यामुळं. हे पेपरवाल्यांना माहीत नाही, तुलाही माहीत नव्हतं. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

बाकीचे लोक तापाचे डॉक्टर होतात, डोळ्यांचे होतात. तू कंबरेचा झालास. कंबर, पाठ, खांदा, गुडघा. ज्या दुखण्यानं माणूस मरत नाही आणि ज्याच्याकडं कोणी बघत नाही, ते सगळं तुझं. कारण मला ठाऊक आहे. तुझी माय कापूस वेचता वेचता एके दिवशी वाकली ती सरळ झालीच नाही. सगळ्यांनी मायेनं तिला खाटेवर निजवलं, शेक दिला, बिब्बे घातले, हलू दिलं नाही. दोन वर्षं ती त्याच खाटेवर होती आणि तिथूनच गेली. तू नागपूरला डॉक्टरी शिकायला गेलास तो मत आधीच ठरवून गेलास. तिथल्या मास्तर लोकांनी तुला जे शिकवलं असेल ते त्यांचं नशीब.

दुखणं मोजायचं कसं, हा तुझा पहिला प्रश्न. ताप मोजता येतो, नाडी मोजता येते. कंबर दुखते म्हणजे किती दुखते? तू म्हणालास, आपल्या माणसाला टक्के समजत नाहीत, आणे समजतात. पिकाची आणेवारी तो दरसाल सांगतोच. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे अर्धं. तसंच दुखणं विचारायचं. सोळा आणे म्हणजे याच्या पुढं दुखूच शकत नाही. मला ही युक्ती फार आवडली होती. तुझ्या तोंडावर मी तिला पोरखेळ म्हणालो, ते सोड.

दिवाळीच्या सुटीत तू मला हिवरखेडला नेलंस, तुझ्याच गावी. मी लोकांच्या वाकण्याची चित्रं काढायची, तू आणे लिहायचे. आठवतो तो किसन? त्याला खाटेसकट बैलगाडीतून आणला होता. गाडी दगडावरून गेली की तो आईला हाक मारत होता.

"किसन, किती आणे दुखते?"

"चार आणे."

"अबे, चार आणे दुखते तं खाटेवर काहून आला?"

"चारच आणे हाय डाक्टर. यंदा पानीच कमी पडला."

त्याच्यानंतर छत्तीस माणसं झाली आणि तुझ्या वहीत कोणाचंही दुखणं चार आण्यांच्या वर गेलं नाही. गावात एक माणूस धड सरळ चालत नव्हता, आणि वहीवरून वाटावं की सगळे आखाड्यात जाऊन आलेत. तू डोकं धरून बसलास. ओट्यावर बसलेला तुझा बुढा बाप मात्र तंबाखू चोळत हसत होता. "कागद घेऊन आलेल्या मानसाले ह्या गावानं आजवर चाराच्या वर सांगतलं नाई," तो म्हणाला. "जास्त सांगतलं का सारा वाढते. तुले कायले खरं सांगतीन?"

दुसऱ्या कोणी वही विहिरीत टाकली असती. तू दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकाच्या वावरात गेलास. उभं पीक बघून आणे आपल्या मनाशी धरलेस, मग मालकाला विचारलंस यंदा पीक किती. किसनाच्या कापसाची पराटी बारा आण्यांची होती, तो म्हणाला चार. झालं. किसन तिनाचा एक करून सांगतो, तेव्हा त्याचं चार आणे दुखणं बारा आणे धरायचं. वहीत तू एक नवीन रकाना आखलास आणि त्याला 'दुरुस्ती' असं सभ्य नाव दिलंस. माणसाचं दुखणं मोजायच्या आधी त्याचं खोटं मोजणारा डॉक्टर सबंध मुलखात तू एकटाच असशील.

आणि मग पातूर. तिथले माळी म्हणजे भाजीपाला पिकवून बाजारात विकणारे. तिथं सगळं उलटं. सखुबाई नावाची बाई, वीस वर्षं डोक्यावर टोपलं वाहून मान आणि कंबर दोन्ही धरलेली.

"सोळा आणे," ती म्हणाली.

तू सावध झाला होतास. "बारा धरू का?"

"नाई बाप्पा, चवदाच्या खाली नाई परवडत."

अर्धा तास घासाघीस करून तुम्ही दोघं अकरावर आलात. ती म्हणाली, "घ्या, तुमी मानसं चांगले हा म्हून." मी चित्र काढायचं सोडून झाडामागं जाऊन हसलो. तू तिथंही रकाना भरलास, उलटी दुरुस्ती.

उपाय तुझा एकच, ज्या कामानं मोडलं त्याच कामानं बसवायचं. लोकांना तेल पाहिजे, पट्टा पाहिजे, सुई पाहिजे. तू सखुबाईला रिकामं टोपलं डोक्यावर देऊन मळ्याला एक चक्कर मारायला लावलीस. दुसऱ्या दिवशी टोपल्यात एक मुळा. तिसऱ्या दिवशी दोन. अख्खं पातूर बघायला जमलं. सखुबाई म्हणाली, "डाक्टर, मुळा पोटात घेतात हे माहीत होतं, डोक्श्यावर घेतात हे आज समजलं." पण बाई वाढवत गेली. दोन महिन्यांनी भरलं टोपलं घेऊन ती बाजारात बसली, आणि कंबर विचारली तर एक आणा म्हणाली. घासाघीस न करता.

इथंच माझं घोडं अडलं, दामू. एक आणा झाला की तू वहीतलं पान बंद करायचास. तिरपी रेघ मारायचीस, आणि त्या माणसाकडं पुन्हा जायचं नाही. सखुबाई पुढच्या बाजाराला तुझ्यासाठी वांगी राखून बसली होती. तू गेला नाहीस. मला विचारत होती, डाक्टर रागावले काय. मी तुला सांगितलं तर तू म्हणालास, "बऱ्या मानसाकडं जाऊन काय करू? गप्पा मारू? अजून तीनशे लोकं वाकून राहिले." तुझं बरोबर होतं. पण ते माझ्या डोक्यात राहिलं.

मग माझी पाळी आली. शाळेचा फळा एकट्यानं उचलायचा शहाणपणा केला आणि पाठीत असं काही तुटलं की मी तिथंच चार पायांवर आलो. मुलांना वाटलं मास्तर घोडा काढायला शिकवून राहिले. बायकोला, सरस्वतीला, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घरात मी आणि एक मांजर. मी खाट धरली ती दीड महिना सोडली नाही. तुला कळवलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं.

तरी तू आलास. रविवारची सकाळची गाडी, बडनेऱ्याला बदलून, अकोल्याला उतरून थेट घरात. दारातूनच म्हणालास, "ऊठ."

मी म्हणालो, "अबे, जनावर दुखलं तं तेबी बसते."

"बसलेल्या बैलाले शेपटी पिळून उठवतात. तुले शेपटी नाई म्हून मले यावं लागलं."

तू शाळेतून एक जुना फळा आणवून भिंतीला टेकवलास आणि पहिल्या दिवशी एक उभी रेघ काढायला लावलीस. फक्त एक, डोक्याच्या वरून कंबरेपर्यंत. मी ती काढली आणि तुला अशा शिव्या दिल्या की मांजर घर सोडून गेलं. दुसऱ्या दिवशी दोन रेघा. दर रविवारी तू येऊन रेघा मोजायचास, आणे लिहायचास, मग आपण भाकरी-झुणका खायचो आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत भांडायचो. आराम चांगला का हालचाल चांगली, हे एकच भांडण. तिसऱ्या महिन्यात मी फळ्यावर अख्खी बैलजोडी काढली, तर तू म्हणालास डाव्या बैलाचा मागचा पाय चुकला. तो चुकला नव्हता. हे अजून माझं म्हणणं आहे.

वहीत माझ्या नावापुढं दुरुस्तीचा रकाना तू रिकामा ठेवलास. मी विचारलं काहून. तू म्हणालास, "मास्तर खोटं बोलत नाई. तोंडावर शिव्या देणारा मानूस खोटं कायले बोलीन?"

आता ऐक. त्या हिवाळ्यात एका रविवारी मी सकाळी उठलो, विहिरीतून दोन बादल्या पाणी काढलं, अंगण झाडलं, आणि मग लक्षात आलं की काही दुखलंच नाही. खाली बसून पाहिलं, उठून पाहिलं. काही नाही. माणसाला आनंद व्हायला पाहिजे. मला धस्स झालं. दहा वाजता तू येणार, आणे विचारणार, तिरपी रेघ मारणार आणि बडनेऱ्याची गाडी पकडून तीनशे वाकलेल्या लोकांकडं निघून जाणार. पुढच्या रविवारी मी कोणाशी भांडू?

तू आलास. टोपी खुंटीला लावलीस. "किती?"

"बारा," मी म्हणालो.

मागच्या रविवारी सहा होते. तू दचकलास, पण लिहून घेतलंस.

तेव्हापासून चार वर्षं माझी पाठ बारा आण्यांची आहे. खोटं बोलणं सोपं असतं असं म्हणतात. ज्याला उठता-बसता कण्हावं लागतं त्याला विचारा. तुझी गाडी उशिरा यायची तेव्हा मी दारात कंबरेवर हात ठेवून वाट बघायचो, आणि एकदा तो हात चुकून पोटावर ठेवला तर तू मला एरंडेल पाजलंस. आणि तो दिवस, वानरांनी कवेलू उलथवले होते आणि मी छपरावर चढून ते बसवत होतो. तू लवकरच्या गाडीनं आलास. खाली उभा राहून वर बघत होतास. मी म्हटलं मेलो. पण तोंड चालू ठेवलं. "तूच म्हनतं ना हालचाल करा? करून राहिलो. दुखून राहिलं तेबी पाह्य."

तुझे डोळे असे चमकले की मला स्वतःची लाज वाटली. छपरावरून उतरेपर्यंत तू दीड पान लिहिलं होतंस. माणूस छपरावर चढतो, वाकतो, ओझं उचलतो, तरी दुखणं बारा आणे. म्हणजे दुखणं वेगळं आणि काम वेगळं. दुखणं संपायची वाट न बघता माणूस कामाला लागू शकतो. तू मला गदागदा हलवून सांगत होतास. पुढं हिवरखेडला, पातूरला, कापसाच्या जिनातल्या हमालांत तू तशी माणसं शोधलीस, आणि ती खरोखर सापडली. किसन त्यांतलाच. आजही त्याचं थोडं दुखतं आणि तो रोज वावरात डवरे हाकतो. माझ्या खोट्यातून तू खरी गोष्ट काढलीस, दामू. मी नाही, तूच.

पण माझं कोडं तुला सुटेना. बाकी सगळ्यांचे आणे कमी होत गेले, मी एकटा बाराला चिकटून होतो. निबंध तयार होता, वहिनींनी सुंदर अक्षरात उतरवून काढला होता, नागपूरच्या डॉक्टर लोकांना तो छापायला हवा होता. तू म्हणायचास, "मास्तरचं सुटलं का देतो. माह्या जवळच्याच मानसाले गुन येत नाई, आन मी दुनियेले कोन्या तोंडानं सांगू?" हे तू माझ्यासमोर, माझाच झुणका खाता खाता म्हणालास. मी तुला अजून एक भाकरी वाढली. तेवढीच माझी हिंमत.

तुझं हृदय बिघडलं तेव्हा डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलं. तुला. मी भेटायला अमरावतीला आलो तर तू तीन उशांवर टेकून बसला होतास, पाय सुजलेले. मी म्हणालो, "ऊठ." तू हसलास, मग हसण्यानं दम लागला आणि वहिनी मला रागावल्या. मी त्या दिवशी खरं सांगायलाच आलो होतो. गाडीत तीनदा घोकलं होतं. तू विचारलंस, "किती?"

आणि माझ्या लक्षात आलं की आता सांगून उपयोग नाही. शून्य म्हणालो असतो तर तुला वाटलं असतं, मास्तर मरणाऱ्याचं मन राखून राहिला. खरं बोलायला मी चार वर्षं उशीर केला होता. म्हणून मी म्हणालो, बारा. तू मान हलवलीस. "पाहू," म्हणालास, "उन्हाळ्यात काहीतरी करू."

उन्हाळा लागायच्या आत तार आली. तिरडी बांधून झाली आणि मी पुढं झालो, तर तुझा कंपाउंडर महादेव आडवा आला. "मास्तर, तुमी नका. तुमची पाठ." गावभर तुला न सुटलेल्या या एका पाठीची ख्याती. मी त्याला बाजूला केलं, खाली वाकलो आणि पुढचा खांदा दिला. घाटापर्यंत कोणाला बदलू दिला नाही. महादेव सगळी वाट माझ्याकडं बघत होता. वहिनीही दारातून बघत होत्या, ते मला नंतर कळलं.

परवा तेरवीचे पाहुणे गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "भाऊजी, तुमची पाठ कधीपासून बरी हाय?"

मी सांगितलं. विहीर, बादल्या, बारा आणे, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं झाले, तो कागद कपाटात हाय. छापलेला पाहून गेले असते." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

नंतर त्यांनी विचारलं, "असं काहून केलं?"

"त्यानं यावं म्हून."

त्या उठल्या. मला वाटलं आता हाकलतात. त्यांनी कपाटातून निबंध आणला, माझं प्रकरण उघडलं, दौत-टाक समोर ठेवला आणि म्हणाल्या, "हे खोडा आन खरं लिहा. मी उतरवून घेते."

तुझ्या मजकुरावर तुझ्यासारखीच तिरपी रेघ मारली. खाली लिहिलं: "हा रुग्ण चार वर्षांपूर्वीच पूर्ण बरा झाला. डॉक्टर घरी येत राहावे म्हणून त्याने खोटे आणे सांगितले." वहिनींनी वाचलं. मी म्हणालो, दुसरं वाक्य काढू का, डॉक्टर लोक हसतील. त्या म्हणाल्या, "हसू द्या. राहू द्या ते."

निबंध उद्या नागपूरला जातो. अकोल्याचा एक मास्तर खोटारडा होता हे आता सगळ्या दवाखान्यांत कळेल. कळू दे. तुझा गुण आला होता, गड्या. सगळ्यांच्या आधी तुला सांगायला पाहिजे होतं.